हाय एक पार्टी

कुंडलिकचा संशयी स्वभाव पालीच्या वरच्या वाडीत सगळ्यांना पाठ होता. दुकानातून काडेपेटी घेतली तर तो ती कानाशी हलवून बघायचा. नारळ घेताना चार वाजवून पाचवा उचलायचा आणि घरी आल्यावर पहिलाच बरा होता म्हणून हळहळायचा. डॉक्टर इंजेक्शन द्यायला लागला की औषधाची बाटली बघायला मागायचा, आणि तिच्यावरचं एक अक्षर कळत नसलं तरी मान हलवून परत द्यायचा. बायकोनं, भागूबाईनं, 'आज भाजीत मीठ जास्ती झालंय' म्हटलं तर 'कुनी टाकलं?' असं विचारणारा हा माणूस. घरात मीठ टाकणारी ती एकटीच होती.

एवढ्या मोठ्या जगात कुंडलिकनं डोळे झाकून विश्वास ठेवला होता तो फक्त एका माणसावर, धाकट्या भावावर. माऊली त्याच्यापेक्षा बराच लहान. आईबाप लवकर गेले तेव्हा माऊली नाक पुसायच्या वयाचा होता आणि भागूबाई नुकतीच लग्न होऊन आली होती. तिनंच त्याला न्हाऊ-माखू घालून वाढवला. आता माऊलीचं लग्न झालं होतं, रत्ना नावाची शांत बायको आली होती, आणि पिकअपवर तो खोऱ्यातला माल पुण्याला न्यायचा. दोघा भावांची घरं एका भिंतीनं जोडलेली, अंगण एकच. काडेपेटी हलवून बघणारा कुंडलिक माऊलीनं आणलेलं पेंडीचं पोतं मात्र न उघडताच गोठ्यात ठेवून द्यायचा.

दोघांच्या नावावर वाडीच्या वर एक माळ होता. भात खाली खाचरात व्हायचं, माळावर थोडी नाचणी-वरई आणि बाकी गवत. गुरं चरायची तिथं. समोर राजगडाचा बालेकिल्ला अख्खा दिसायचा. या दिसण्याला पुण्याचे लोक पैसे देतात हे वाडीला अलीकडंच कळलं होतं, आणि तेव्हापासून खोऱ्यात 'पार्टी' या शब्दाला फार भाव आला होता.

हा इंग्रजी शब्द खोऱ्यात कधी शिरला ते कुणी सांगू शकणार नाही, पण एकदा शिरल्यावर त्यानं कुठं म्हणून हात घालायचं बाकी ठेवलं नाही. निवडणुकीतली पार्टी तर सगळ्यांनाच ठाऊक. सोयरीक बघताना 'मुलाकडची पार्टी कशी हाय?' वरातीपुढं बँडपार्टी, देवळात भजनपार्टी. भोरच्या कोर्टात वकील विचारतो, 'समोरची पार्टी आली का?' आणि समोरची पार्टी म्हणजे चुलतभाऊच निघतो. पोरानं नवी मोटारसायकल घेतली की 'पार्टी दे'. शनिवारी पुण्याची पोरं धरणाच्या काठाला तंबू ठोकून बाटल्या उघडतात ती पार्टी, आणि त्यांना हुसकून लावायला येते तीही पार्टीच, पोलिसांची. गळ्यात सोनं आणि बुडाखाली मोठी गाडी असली की तो माणूस एकटाच आख्खी पार्टी होतो. यातलं कुठलं कुठं लावायचं हे वाडीतल्या दात पडलेल्या म्हाताऱ्यांनाही बरोबर कळायचं. कुणाचा कधी घोटाळा झाला नाही.

पण एक अर्थ बाकीच्यांहून वेगळा होता. जमीन घ्यायला येणारा. बाकी सगळ्या पार्ट्यांना नावं असतात, या पार्टीला नसतं. 'कोन हाय?' म्हणून विचारावं तर उत्तर येतं, 'हाय एक पार्टी.' कुठली? 'पुन्याची.' नाव? 'नाव कशाला पायजे, पार्टी एक नंबर हाय.' आणि बघता बघता डोंगराच्या पोटाशी तारेचं कुंपण पडतं, फाटकावर कुत्र्याची पाटी लागते, आणि ज्यानं विकली त्यालाच आत जायची चोरी होते. कुंडलिकला हा अर्थ अजिबात सहन व्हायचा नाही. ज्याचं नाव सांगायची लाज वाटते त्याच्याशी व्यवहार कसला करायचा, असं तो म्हणायचा. यात त्याचं काही चुकत नव्हतं.

श्रावणातल्या एका सकाळी तो फाट्यावर बाजीच्या हॉटेलात चहाला थांबला. बाजीच्या चहात दूध कमी आणि बातमी जास्त.

"काल मार्गासनीला तुमचा माऊली दिसला," बाजी कप ठेवत म्हणाला. "पार्टीसंगं व्हता."

"कसल्या पार्टीसंगं?"

"आता पार्टी म्हंजे पार्टी. मला काय म्हाईत?"

चहा निवेपर्यंत कुंडलिकनं सगळ्या पार्ट्या एकेक करून बाद केल्या. निवडणुका होऊन गेल्या होत्या. श्रावण होता, म्हणजे लग्नाची बोलणी नाहीत आणि बँडवाले आपापल्या शेतात. माऊली बाटलीला शिवत नव्हता. कोर्टात त्यांचं काही चालू नव्हतं. उरला एकच अर्थ. इथं सांगून टाकायला हवं की कुंडलिकचा हा अंदाज अगदी बरोबर होता. इथं तो कुठंही चुकला नाही. चुकला तो पुढं.

संध्याकाळी माऊलीनं अंगणात पिकअप लावली तेव्हा कुंडलिक ओट्यावर दोरी वळत बसला होता.

"काल कुठं गेलतास?"

"मार्गासनीला. टायर बगाया."

"घावला का?"

"घावला की."

माऊली हातपाय धुवायला आत गेला तसा कुंडलिक उठला आणि गाडीला फेरी घालून आला. मागचा टायर खरंच नवा होता. त्यानं अंगठ्यानं दाबूनही बघितला. दुसरा कुणी असता तर त्याची खात्री पटली असती. कुंडलिकला वाटलं, एक गोष्ट लपवायला माणूस टायरसुद्धा विकत घेतो.

"सरळ इचारा की त्याला," भागूबाई आतून म्हणाली. तिला काही सांगावं लागायचं नाही, नवऱ्याच्या पाठीवरून कळायचं.

"इचारून खरं सांगनार हाय व्हय?"

"मग न इचारता कसं कळायचं?"

"कळतंय बराबर."

संशयी माणसाची हीच गंमत असते. उत्तरावर विश्वास नसतो म्हणून तो प्रश्नच विचारत नाही, आणि प्रश्न विचारला नाही म्हणून रात्रंदिवस उत्तरं तयार करत बसतो. दुसऱ्या दिवशी गुरं घेऊन कुंडलिक माळावर गेला. बालेकिल्ला सगळ्यात चांगला दिसतो त्या टोकाला गवत तुडवलेलं होतं आणि पाण्याची एक रिकामी बाटली पडली होती, विकतची. वाडीत पाणी विकत घेऊन कुणी पीत नाही. त्यानं ती बाटली टॉवेलात गुंडाळून घरी आणली आणि कणगीमागं ठेवली. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग एका सकाळी धार काढताना भिंतीपलीकडून माऊलीचा आवाज आला. तो मोबाईलवर बोलत होता.

"न्हाई साहेब. दादाकडं जाऊ नका. अजाबात न्हाई. काय असंल ते मला बोला. दादाच्या कानावर ह्यातलं जायाला नको."

कुंडलिकचे हात आचळावरच थांबले. म्हशीनं मान वळवून बघितलं. भावानं दगा दिला असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याबरोबर थोडं बरंही वाटलं. इतके दिवस जे मनात होतं ते खरं निघालं, याचं बरं. असलं बरं वाटणं फार वाईट.

त्यानं हे काही दिवस पोटात ठेवलं. या दिवसांत रत्नानं दिलेलं ताक तो 'ठेव तितं' म्हणायचा आणि प्यायचा नाही. शेवटी एका दुपारी चौघं अंगणात घेवडा निवडत बसली असताना त्यानं आतून ती बाटली आणली आणि मधोमध ठेवली.

"कुनाची?"

माऊलीनं बाटलीकडं बघितलं, मग भावाकडं. "इंद्रजित म्हनून एक हाय. पुन्याचा. माळ बगाया आला व्हता."

"कुनी आनला?"

"त्याचा त्यो आला. तीनदा आला. तीनदा म्या न्हाई म्हनलो."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

रत्नानं पदर सारखा केला. मग माऊली म्हणाला, "सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, म्याच आनली पार्टी. दादा, तुमास्नी म्या काय आजचा वळखत न्हाई."

हे उत्तर खरं होतं. इतकं खरं होतं की ते कुंडलिकला सरळ जाऊन लागलं, आणि लागलेला माणूस करतो तेच त्यानं केलं.

"मग उचल भंडारा," तो म्हणाला.

घेवडा निवडणारे सगळे हात थांबले. भंडारा उचलणं म्हणजे काय ते खोऱ्याबाहेरच्यांना सांगायला हवं. ज्याच्यावर आळ आहे त्यानं भैरोबाच्या पायरीवर ओंजळीत हळदीचा भंडारा घ्यायचा आणि गावासमोर बोलायचं. बोललेलं खोटं असेल तर चैत्रातल्या जत्रेच्या आत देव त्याच्या घरात शिरतो. जनावर मरतं, माणूस अंथरुणाला खिळतं, काहीतरी घात होतो. जत्रेपर्यंत घर सुखरूप राहिलं तर माणूस सुटला. म्हणजे शपथेनं भांडण मिटतं, पण तेव्हाच्या तेव्हा मिटत नाही. तोपर्यंत सगळी वाडी त्या घराकडं डोळे लावून बसते. बांध कोरणाऱ्याला, शेरडं चोरणाऱ्याला वाडीनं भंडारा उचलायला लावला होता. सख्ख्या भावाला कुणी लावल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"शबूद मागं घ्या," भागूबाई म्हणाली. "आवो, पोरगा हाय त्यो माजा."

"खरा असंल तर त्याला भ्या कसलं?"

माऊली उठला. "उचलतो," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि रागच असता तर बरं झालं असतं.

रविवारी देवळापुढं वाडी जमली. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमालाही एवढी माणसं जमत नाहीत. माऊलीनं अंघोळ करून ओल्या केसांनी ओंजळ पुढं केली, गुरवानं भंडारा घातला. "माळ म्या इकाया काढला न्हाई, आन दादाच्या माघारी कुनाला शबूद दिला न्हाई. खोटं असंल तर भैरोबानं बगावं," तो बोलला. मग ओंजळ पायरीवर रिती केली आणि पिवळे हात तसेच घेऊन कुंडलिकच्या अंगावरून घरी गेला. कुंडलिकला वाटलं होतं की हे झालं की मनावरचा दगड उतरेल. भाऊ दिसेनासा झाला तरी तो उतरला नाही. त्याच्या मनात आलं, शपथ घेताना माऊलीनं डोळे का मिटले होते?

त्या दिवसापासून वाडीत पार्टीचा आणखी एक अर्थ राहायला आला. आतापर्यंत पार्टी म्हणजे कुणीतरी बाहेरचं, गाडीतून येणारं. आता चावडीवर बोलताना लोक म्हणायला लागले, 'कुंडलिकची पार्टी' आणि 'माऊलीची पार्टी'. कुणी कुठल्या ओट्यावर बसायचं, कुणाच्या गिरणीत दळायचं, हे त्यावरून ठरू लागलं. ज्यांना दोघांचंही काही पडलेलं नव्हतं तेही एकेका बाजूला जाऊन बसले, कारण रिकामं बसण्यापेक्षा ते बरं. अंगणातून भागूबाई रत्नाशी बोलायची, पण कुंडलिक खाकरला की दोघी आपापल्या दारात जायच्या. भिंत तीच होती, पण आता ती दोन घरांच्या मधली भिंत झाली.

आणि कुंडलिक वाट बघायला लागला.

हे त्यानं ठरवून केलं नाही. ती रीतच तशी आहे, ती माणसाकडून करून घेते. माऊलीच्या घरातून खोकल्याचा आवाज आला की कुंडलिकचे कान टवकारायचे. त्यांची गाय दोन दिवस चारा खाईना तर हा गोठ्याच्या फटीतून बघून आला. गाय तिसऱ्या दिवशी खायला लागली तेव्हा त्याला जे वाटलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. वाऱ्यानं त्यांचा पत्रा उडाला, त्या दिवशी हा जेवताना बोलून गेला, "सुरवात झाली."

"पत्रा उडालाय," भागूबाई म्हणाली. "आपला बी मागल्या वर्सी उडाला व्हता. आपुन काय खोटं बोललो व्हतो?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

भातकापणी आली. इतकी वर्षं दोघं भाऊ एकमेकांच्या खाचरात उतरायचे, या वर्षी दोघांनी मजूर लावले. कापणी संपत आली असताना अंगणात एक पांढरी गाडी येऊन थांबली आणि गॉगल लावलेला माणूस उतरला. त्यानं वाकून नमस्कार केला. तोच तो इंद्रजित.

"काका, तुमच्या भावानं दादाकडं जाऊ नका म्हणून शपथ घातली होती, पण म्हटलं एकदा तुमच्याशीही बोलावं," तो म्हणाला. "त्यांनी तर मला उभंच केलं नाही. दादाचा जीव आहे त्या माळावर, नुसतं विचारलं तरी त्याला झोप लागायची नाही, म्हणाले. असा भाऊ मिळत नाही हो आजकाल."

आता याहून मोठा पुरावा कुठला हवा होता? नाव नसलेली पार्टी नावासकट दारात येऊन साक्ष देऊन गेली. भागूबाईनं डोळ्याला पदर लावला. गाडी धूळ उडवत गेली तशी ती म्हणाली, "जावा आता. त्याच्या दारात जावा, आन चुकलं म्हना."

कुंडलिक उठलाही. अंगणात अर्ध्यापर्यंत गेलाही. मग थांबला.

"ह्यो आजच कसा आला?" तो म्हणाला.

"म्हंजे?"

"जत्रंपतूर जीवाला घोर हाय त्याच्या. लोक बोलत्यात. माऊलीनंच धाडला नसंल कशावरनं? शिकवून धाडला असंल, असं बोल, तसं बोल."

भागूबाईनं त्याच्याकडं बघितलं. या माणसाला आता देव जरी येऊन सांगायला लागला तरी हा देवाला विचारेल, तुला कुणी धाडला? ती सूप घेऊन पाखडायला बसली. त्या दिवसापासून तिनं या विषयावर त्याच्याशी बोलायचं सोडलं. कुंडलिकला ते शांत वाटलं, आणि शांत वाटलं म्हणून त्याचाही त्याला संशय आला.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी नवराबायको दोघं खळ्यावर होती. बाजी मोटारसायकल दामटत आला आणि स्टँड न लावताच, गाडी तशीच पायावर तोलून ओरडला, "माऊलीची पिकअप पाबे घाटात पलटी झाली!"

कुंडलिकच्या हातातलं सूप खाली आलं. आणि तोंडातून शब्द निघाले.

"तरी म्या म्हनत व्हतो. खोटी उचलली व्हती."

हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला दिसलं नाही. भागूबाईला दिसलं. बाजीलाही दिसलं, आणि बाजीसारख्या माणसानंसुद्धा नजर खाली केली.

"जित्ता हाय का?" भागूबाईनं बाजीला विचारलं. तिचा आवाज फाटला होता.

"हाय, हाय. पाय मोडलाय. नसरापूरला न्हेलाय दवाखान्यात."

तेव्हा कुठं कुंडलिकच्या लक्षात आलं की हा प्रश्न आपण विचारायचा होता. जिला त्यानं 'पोरगा' म्हणताना ऐकलं होतं तिनं तो विचारला. ज्यानं त्या पोराला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं होतं त्यानं विचारला नाही. त्याला शरम वाटली, इतकी की वाडीतून फाट्यापर्यंत तो बायकोच्या मागून चालला, बरोबरीनं चालायची त्याला हिंमत झाली नाही. भागूबाईनं एकदाही वळून बघितलं नाही.

दवाखान्यात माऊली खाटेवर होता, पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला, कपाळाला पट्टी. रत्ना उशाशी बसली होती. तिनं दोघांना बघून स्टूल पुढं सरकवलं आणि औषधं आणायला बाहेर गेली. कुंडलिक दारातच उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं सगळ्या वाटेवर जुळवलं होतं.

माऊलीनंच मान वळवली. औषधानं त्याचे डोळे जड झाले होते. पाय कसा मोडला, गाडीचं काय झालं, समोरून कोण आलं, यातलं तो काही बोलला नाही. त्याचे पहिले शब्द होते,

"दादा, म्या खोटी उचलली नव्हती."

घाटात गाडी उलटत असताना, पाय लोखंडात अडकलेला असताना, या पोराला भीती कसली वाटली असेल तर हीच. मरायची नाही. दादा काय म्हणेल याची. आणि दादा तेच म्हणाला होता. त्या क्षणी कुंडलिकचा सगळा संशय संपला. इतके महिने जो कुठल्या पुराव्यानं गेला नाही तो गेला, आणि तो जाऊन आता काही उपयोग नव्हता.

"म्हाईत हाय मला," तो जवळ जाऊन म्हणाला. "आरं, माज्या मनात बी आलं न्हाई तसलं."

माऊली त्याच्याकडं बघत राहिला. लहानपणापासून दादा म्हणेल ती पूर्व दिशा मानणारा माऊली. त्यानं हळूच नजर काढून घेतली आणि भागूबाईकडं वळवली.

"वैनी," तो म्हणाला, "दादा खरं बोलत्यात का?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कण्हत होता. कुंडलिकनं बायकोकडं बघितलं. जन्मभर दुसऱ्याच्या शब्दावर न विसंबलेला हा माणूस आता एका बाईच्या शब्दावर टांगलेला होता, आणि ती काय बोलेल ते त्याला खरोखरच माहीत नव्हतं. ती खळ्यावरचं सांगू शकली असती. तिला तो हक्क होता.

भागूबाईनं माऊलीच्या कपाळावरचे केस मागं केले.

"व्हय रं," ती म्हणाली. "बाजीनं सांगितलं तसं पैलं तुजंच नाव घेतलं त्यांनी. जित्ता हाय का इचारलं. हातातलं सूप सुदीक गळलं."

माऊलीनं डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, आणि थोड्या वेळात तो लहान मुलासारखा तोंड उघडं टाकून झोपला. कुंडलिक स्टुलावर बसून त्याच्या टांगलेल्या पायाकडं बघत राहिला. रत्ना परत आली तेव्हा त्यानं तिला विचारलं, "पोरी, जेवलीस का?" इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलला होता.

परतताना नसरापूरच्या स्टँडवर वेल्ह्याची जीप भरायची होती. मागच्या बाकावर दोघं शेजारी बसली. कुंडलिकला तिचे उपकार मानायचे होते, पण नवऱ्यानं बायकोला तसलं काही म्हणायची त्याच्या घरात पद्धत नव्हती. त्यानं बरेच शब्द मनात घोळवले.

"लई बरं केलंस," शेवटी तो म्हणाला.

भागूबाई बाहेर बघत होती. "त्या पोराशी आजवर म्या कंदी खोटं बोलले न्हवते," ती म्हणाली. "आज बोलले. त्याच्या उशाशी बसून बोलले. तुमच्यापायी." मग ती वळली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आता माज्यावर काय येतंय, त्याची वाट बगत बसा."

जीप सुरू झाली. स्टँडच्या बाहेर रस्ता खोदून ठेवला होता. पहिल्याच खड्ड्यात गाडी जोरात उडाली, आणि कुंडलिकनं दोन्ही हातांनी तिचा दंड धरला.